सायलेन्सरचा ऑक्सिजन सेन्सर जाम झालाय? पान्याला पाईप लावण्याआधी हे वाचा

डॅशबोर्डवर पिवळा 'चेक इंजिन' दिवा लागतो, मायलेज पडतं, धुराला पेट्रोलचा वास येऊ लागतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि पुष्कळदा नाव निघतं ते ऑक्सिजन सेन्सरचं. नवा सेन्सर तालुक्याला नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळून जातो. खरी कटकट असते ती जुना काढण्याची. चार-पाच पावसाळे चिखलात, नाहीतर कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत गेलेल्या गाडीत तो पाईपाला अगदी चिकटून बसलेला असतो.

बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल व सीएनजी गाड्यांना साधारण दोन सेन्सर असतात. पहिला इंजिनाजवळ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. इंधन किती सोडायचं ते यावरून ठरतं. दुसरा कन्व्हर्टरच्या पुढे, त्याचं काम नीट चाललंय का ते बघायला. पी-०१३५ कोड पहिल्याच्या हीटरचा, पी-०१४१ दुसऱ्याच्या हीटरचा. पी-०४२० आला तर मात्र सेन्सर बदलायची घाई नको, तो कोड कन्व्हर्टरकडे बोट दाखवतो. काही काढण्याआधी वायर आणि फ्यूज बघून घ्यावेत. गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी वायर कुरतडलेली निघते, आणि मग पाना न लावताच काम होतं.

सेन्सरचे आटे १८ मि.मी. व्यासाचे, दीड मि.मी. पिचचे असतात आणि षटकोनाला बहुधा २२ नंबरचा पाना लागतो. ज्या बुशीत तो बसतो ती पाईपाला किंवा थेट कन्व्हर्टरला वेल्ड केलेली असते. म्हणजे आटे गेले तर नुकसान सेन्सरपुरतं राहत नाही, आणि कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. हातोड्याचे घाव घालणंही महागात पडतं, कारण कन्व्हर्टरच्या आत चिनीमातीसारखी ठिसूळ जाळी असते.

तयारी आदल्या दिवशीच करावी. गाडी थंड असताना आट्यांच्या कडेला गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्यावं, जमलं तर दोनदा. सकाळी इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद करावं. कोमट पाईपात सेन्सर थंडपेक्षा सहज सुटतो. राहिलेल्या तेलाचा थोडा धूर निघेल, म्हणून काम उघड्यावर करावं. हातात चामड्याचे मोजे हवेत. खालून काम असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, घोडी लावावी. बॅटरीची निगेटिव्ह वायरही काढून ठेवावी.

पहिल्या सेन्सरवर बऱ्याचदा पत्र्याचं कव्हर असतं. त्याचे छोटे बोल्टही गंजलेले असतात, तेव्हा त्यांनाही आदल्या रात्री तेल द्यावं. जागा अडचणीची असेल तर वायरसाठी फट असलेला खास सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन उपयोगी पडतं. पण जास्त जोर आला की हा फटीचा सॉकेट पसरतो आणि षटकोन गोल करून टाकतो. सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर सरळ वायर कापावी आणि पूर्ण रिंग पाना किंवा खोल सॉकेट चढवावा. कापण्याआधी नव्याचा कनेक्टर जुन्याशी जुळवून बघावा, नाहीतर गाडी तिथंच उभी राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी किंचित आवळून बघावं, मग सैल करावं. 'टक्' आवाज येऊन सेन्सर हलला की तिथंच सगळं ओढून काढायचा मोह होतो. पाव फेरा सोडवा, तेल द्या, परत थोडा आत घ्या, पुन्हा सोडवा. चुरचुर आवाज येऊन फिरवणं जड व्हायला लागलं तर आटे खरवडले जातायत असं समजावं आणि थांबावं. अशा वेळी पान्याला लांब पाईप लावला की सेन्सर निघतो, पण आटे घेऊनच.

तरीही हलेना तर पाईप उतरवून बाहेर काम करणं बरं. सेन्सरभोवतीची बुशी गॅस कटरने तापवणं हे अनुभवी वेल्डरचंच काम. गाडीखाली, पेट्रोल आणि सीएनजीच्या नळ्यांजवळ हा प्रयोग करूच नये. आटे थोडेच बिघडले असतील तर त्याच मापाचा टॅप ग्रीस लावून फिरवावा, म्हणजे लोखंडाचा कीस आत पडत नाही. पूर्णच गेले असतील तर नवी बुशी वेल्ड करून घ्यावी लागते.

नवा बसवताना पहिले फेरे हातानेच. आट्यांवर आधीच लेप असेल तर वेगळं काही लावू नये. नसेल तर उष्णता सोसणारा अँटी-सीझ लावावा, तोही फक्त आट्यांवर. टोकाला लागला तर नवा सेन्सरही जातो. सिलिकॉनचा गोंद जवळपासही नको. आवळणं ४० ते ५० न्यूटन मीटर पुरतं, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला साधारण पंधरा किलोचा जोर. वायर पाईपाला टेकणार नाही अशी मूळच्या क्लिपमध्ये अडकवावी, कव्हर परत बसवावं आणि स्कॅनरने कोड पुसून गाडी थोडी फिरवून आणावी. दिवा परत लागला तर वायर आणि फ्यूज पुन्हा तपासावेत.