वेलांटीचा भुर्दंड

परवा माळा आवरताना फेडोराची एक जुनी सीडी सापडली आणि २००६ सालचा बाबांचा फोन आठवला. "अरे, मराठी विसरलास की काय? सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या चुकल्यात तुझ्या!" बाबा निवृत्त शिक्षक. माझा ब्लॉग ते लाल पेन हातात घेतल्यासारखाच वाचायचे. पण या वेळी चूक ब्लॉगात नव्हती. आदल्या रविवारी मीच त्यांच्या संगणकात एक ओळ घालून आलो होतो.

रोमन लिपीत एक अक्षर, एक आकृती. ओळीने मांडत गेलं की झालं. आपलं तसं नाही. 'कि' साठवताना संगणक आधी 'क' साठवतो, मग वेलांटी; दाखवताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. क, हलन्त आणि ष मिळून 'क्ष' दिसायला हवा. लिनक्सवर हे काम पँगो नावाची लायब्ररी करते. (ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व, जपानी 'गो' म्हणजे भाषा. हे नाव मला फार आवडतं.) फायरफॉक्सच्या कोडमध्ये पँगो वापरायची सोय होती, पण १.५ आणि २.० च्या काळात मोझिला स्वतः लिनक्ससाठी जी फाइल द्यायची तिच्यात ती बंद असे. पँगोमुळे पानं हळू उघडायची, आणि नुसतं इंग्रजी वाचणाऱ्यालाही तो भुर्दंड पडायचा.

फेडोराने मात्र आपल्या पॅकेजमध्ये ती सोय चालू करून दिली. फेडोरामागच्या रेड हॅटचं भारतीय भाषांचं काम पुण्यात चालायचं, लोहित फॉन्टही त्यांनीच २००४ मध्ये खुले केले, तेव्हा त्यांना वेलांटीची काळजी असणं साहजिक होतं. पण तक्रारी आल्याच. 'फायरफॉक्स पळवायचाय? पँगो बंद करा' अशी युक्ती तेव्हा जिकडे तिकडे फिरत होती. मी विचार न करता तीच बाबांच्या संगणकात घातली. पुढे फोनवरून ती ओळ त्यांच्याकडून काढून घेतली, त्यात पाऊण तास गेला.

मूळ लेखकांनी बंद ठेवलेली गोष्ट वितरणाने परस्पर चालू करावी का, हा वाद जुनाच. २००० साली रेड हॅट ७.० मध्ये जीसीसी २.९६ हा कंपायलर दिला गेला. अशी आवृत्ती जीसीसीवाल्यांनी कधी काढलेलीच नव्हती. ते चालू कामातून उचललेलं होतं. त्यांना ऑक्टोबरात तसं जाहीर करावं लागलं. कर्नलसाठी तर रेड हॅटला जुना कंपायलर वेगळा द्यावा लागला! तिथे मी जीसीसीवाल्यांच्या बाजूचा आहे. बाकीच्यांशी न जुळणारे प्रोग्रॅम तयार झाले की त्रास सगळ्यांनाच.

पँगोचं तसं नव्हतं. ज्याला वेग हवा तो एका ओळीत ते बंद करू शकत होता. ज्याला मराठी हवी त्याने काय करायचं? बाबांनी फायरफॉक्स कंपाइल करायचा? मोझिलाचीही बाजू होती म्हणा. आपल्या नावाने दुसऱ्याचे बदल खपू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यावरूनच २००६ मध्ये डेबियनशी बिनसलं आणि डेबियनचा फायरफॉक्स 'आइसवीझल' झाला. ते नाव २०१६ पर्यंत टिकलं.

१७ जून २००८ ला फायरफॉक्स ३ आला आणि मोझिलाच्या स्वतःच्या फाइलमध्येही पँगो आलं. बाबांना मी ते सांगितलंसुद्धा नाही, त्यांच्या वेलांट्या दोन वर्षांपासून जागेवरच होत्या. शुद्धलेखनाचे फोन मात्र येतच राहिले, आणि त्या चुका माझ्याच असायच्या.

असो. सीडी परत माळ्यावर ठेवली आहे.