गाडीतली घडीची खाट

गाडीच्या मागच्या भागात झोपण्यासाठी खाट करायची म्हटली, की माणूस आधी लांबी-रुंदी मोजायला लागतो. माझ्या मते पहिलं माप खाट मिटल्यावरचं घ्यायला हवं. ही खाट वर्षात फार तर दहा-पंधरा रात्री उघडणार. उरलेले साडेतीनशे दिवस ती डिकीत मिटून राहणार, आणि त्या दिवसांत त्याच गाडीतून घरची माणसं, खताची पोती, जयसिंगपूरच्या बाजाराचा माल, पाहुण्यांच्या बॅगा असं सगळं जाणार. मिटलेली खाट अडचण करू लागली, की महिन्याभरात ती माळ्यावर जाते आणि ज्या रात्री खरी गरज पडते त्या रात्री गाडीत नसते.

शिरोळ तालुक्यात ती रात्र कधी येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचा हा सपाट मुलूख. इथे पूर घोंघावत येत नाही. पाणी हळूहळू चढतं, शिवारात पसरतं आणि दिवसेंदिवस उतरत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर माझ्या पिढीने पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत गेली खरी, पण ज्यांची जनावरं उंचवट्यावर रस्त्याकडेला बांधलेली होती त्यांच्यातला एक जण तरी रात्री तिथेच राहिला. आम्हीही राहिलो. मागची सीट पाडून त्यावर वाकळ अंथरली, आणि पाडलेली सीट व पुढची सीट यांच्यामधल्या खड्ड्यात रात्रभर पाय लोंबकळत राहिले. तिसऱ्या दिवशी धारेला बसताना गुडघा वाकेना. त्या गुडघ्यामुळे मी या विषयाकडे वळलो.

वाहनात झोपणं इकडच्या माणसाला नवं नाही. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला बैलगाड्या जातात, तेव्हा साट्यात पिंजर टाकून, वर तट्ट्या बांधून माणसं झोपतात. नृसिंहवाडीला पौर्णिमेच्या आदल्या रात्री पोचणारी कुटुंबं आता चारचाकीत डोळा लावतात. बैलगाडीचा साटा मुळातच सपाट असतो. चारचाकीच्या आतली एकही जागा सपाट नसते, कारण ती बसलेल्या माणसाच्या आकाराने घडवलेली असते. बसण्याच्या आकारातून झोपण्याचा आकार काढायचा आणि सकाळी तो परत मिटवायचा, एवढंच या खाटेचं काम.

आता मापं. आमच्या गाडीत मागच्या दारापासून पाडलेल्या मागच्या सीटच्या पुढच्या टोकापर्यंत १५८ सेंटिमीटर भरतात. चाकांवरच्या दोन उंचवट्यांमधली रुंदी १०८. कागदावर कर्ण काढला तर १९१ येतो आणि पाच फूट सात इंची माणूस तिरका सहज मावेल असं वाटतं. इथे बरेच जण फसतात. माणूस म्हणजे ताणलेली दोरी नव्हे. खांद्यांसाठी ४५ सेंटिमीटर रुंदी धरून तेवढा आयत या जागेत तिरका फिरवून पाहिला, तर मिळणारी लांबी १५८ पेक्षा कमीच भरते, कारण एका कोपऱ्याला लांबी मिळते तोवर दुसरा कोपरा भिंतीला टेकतो. डोकं आणि पाय निमुळते असल्याने एकट्या माणसाला अंग चोरून थोडा फायदा होतो. दोघांना मुळीच होत नाही. तेव्हा लांबी हवी तर पुढची सीट पुढे सरकवून मोकळ्या झालेल्या खड्ड्यावरच फळी न्यावी लागते. आम्हाला तिथे २४ सेंटिमीटर मिळाले, म्हणजे एकूण १८२.

उंचीचा मोह वेगळा. खाट उंच केली तर खाली पेट्या, शेगडी, पाण्याचे कॅन बसतात, म्हणून लोक ती दीड-दीड फूट उचलतात. पण बसलेल्या माणसाला बैठकीपासून डोक्यापर्यंत ८५ ते ९० सेंटिमीटर लागतात, आणि गाडीच्या आतली उंची मुळातच तुटपुंजी. रात्री औषध घ्यायला उठलेल्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं छताला आपटणार असेल, तर खालच्या पेट्यांचा उपयोग काय? पाडलेली सीट जेवढी उंच राहते तेवढीच खाटेची उंची ठेवावी. आमच्याकडे ती ३४ भरली. त्यावर एक इंचही वाढवला नाही.

सीटच काढून टाका, मग भरपूर जागा होते, असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो ऐकू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. आसनसंख्या हा त्याच तपशिलाचा भाग. म्हणून सीट जागच्या जागी राहावी, गाडीच्या पत्र्याला वेल्डिंगचा एकही टाका पडू नये, आणि खाट सामानासारखी आत ठेवता-काढता यावी. पत्र्याला भोक पाडण्यातही धोका आहे. मागच्या तळाखाली कुठे डिझेलची टाकी असते, कुठे ब्रेकची नळी.

घडीच्या खाटेचा सगळ्यांच्या ओळखीचा नमुना म्हणजे रेल्वेच्या तीन थरांच्या डब्यातला मधला बर्थ. दिवसा ती पाठ टेकायची गादी, रात्री दहा ते सकाळी सहा बिछाना. भिंतीकडची कड बिजागरीवर, मोकळी कड साखळीवर. साखळीवर फक्त ताण येतो, म्हणून ती बारीक असून चालते. हाच बेत गाडीत करावा असं मला फार वाटलं होतं. पण डब्यातली साखळी भार पेलण्यासाठीच केलेल्या सांगाड्याला अडकते. गाडीच्या छताजवळची मूठ माणसाने क्षणभर धरण्यासाठी असते, दोघांचा भार रात्रभर पेलण्यासाठी नव्हे, आणि नव्या गाड्यांत त्याच कडेच्या अस्तरामागे पडदा-एअरबॅग असते. तेव्हा गाडीतली खाट वरून टांगता येत नाही. तिला खालून पायच द्यावे लागतात.

या विषयाचं मर्म घडीत आहे. मागची सीट उभी असताना तिच्यामागे डिकीत ७५ सेंटिमीटर लांबी उरते. मिटलेली खाट तेवढ्यात बसायची, म्हणून तीन पानं: मागचं ७५, मधलं ७५, पुढचं ३२. बेरीज १८२. पहिल्या खेपेला आम्ही पुढचं पान मधल्यावर आणि ते दोन्ही मिळून मागच्यावर असं गुंडाळत आणलं, सतरंजी गुंडाळतात तसं. दोन्ही बिजागऱ्या वरच्या अंगाला. मिटताना लक्षात आलं की पुढचं पान आता मधल्या आणि मागच्या पानांच्या मध्ये अडकतंय. त्याच्या जाडीएवढी फट बिजागरीने सोडायला हवी, आणि साधी बिजागरी ती सोडत नाही. वरून जोर दिला की फळी तरफेसारखी होते आणि बिजागरीचे स्क्रू उपटून निघतात. आमचे तसेच निघाले.

उपाय साडीच्या निऱ्यांत आहे. निरी एकदा पुढे, एकदा मागे वळते, म्हणून एकही पदर दुसऱ्यात गुंडाळला जात नाही. मागचं आणि मधलं पान जोडणारी बिजागरी वरच्या अंगाला ठेवली आणि मधलं व पुढचं पान जोडणारी खालच्या अंगाला. आता पुढचं पान मधल्याच्या पोटाखाली वळतं, मग ती जोडी उलटून मागच्या पानावर येते आणि तिन्ही पानं एकावर एक सपाट बसतात. फट सोडावी लागत नाही.

पण बिजागरीची बाजू बदलली की भाराचं वागणंही बदलतं, आणि याकडे सहसा कुणी पाहत नाही. बिजागरी वर असेल तर पानाचं मोकळं टोक खाली पडत नाही, कारण खालच्या कडा एकमेकींना दाबतात. पण सांध्यावरच गुडघा टेकला तर सांधा खाली खचतो, कारण तो त्याच दिशेने मिटणारा असतो. बिजागरी खाली असेल तर बरोबर उलटं. सांध्यावरचा भार वरच्या कडा दाबून धरतात, पण मोकळं टोक आधाराशिवाय खाली कोसळतं. यावरून पाय कुठे हवेत हे आपोआप ठरतं. वरच्या बिजागरीला सांध्याच्या अगदी खाली, खालच्या बिजागरीला पानाच्या मोकळ्या टोकाला. आधी पाय ठोकून मग बिजागऱ्या लावणं म्हणजे उलटा प्रवास.

प्लाय किती जाडीची घ्यायची? आमच्या सुतारमामांच्या भाषेत चार सुताची की सहा सुताची, म्हणजे १२ मिलिमीटर की १८. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सहा सुताची प्लाय चार सुताच्या जवळपास साडेतीन पट ताठ. उलट, दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर मधोमध ठेवलेल्या भाराखालचा बाक आठ पटींनी कमी होतो. जाडी वाढवण्यापेक्षा आधार वाढवणं स्वस्त पडतं. वजनाचा हिशोबही पाहावा. १८२ बाय १०५ सेंटिमीटरला चार सुताची प्लाय सुमारे १५ किलो भरते, सहा सुताची २२. एक इंची चौकोनी पाइप सोळा गेजमध्ये मीटरला साधारण १.२ किलो. नऊ मीटर पाइपची चौकट आणि चार सुताची प्लाय मिळून पंचविसाच्या आसपास जाते. म्हणजे वजनात फरक थोडा, पण पाइपला बोल्ट पकडतो, पाय जोडता येतात आणि फळीच्या कडा ठेचकाळत नाहीत. आम्ही चौकट केली. ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याचं, पण त्याचा ताठपणाही तिसऱ्या हिश्श्याचा, आणि त्याला टाका मारणारा वेल्डर दर गावात नसतो. प्लाय मात्र पाण्याला टिकणारी, आयएस ७१० ची घ्यावी. आठ बाय चारचा एक ताव पुरून उरतो.

उपटलेले स्क्रू मामांनी हातात घेऊन दाखवले. आट्यांत लाकडाचा भुसा भरला होता. म्हणाले, “सर, प्लायच्या काठात स्क्रू न्हाई धरत. थर फाकत्यात. आरपार बोल्ट घ्या.” प्लाय म्हणजे एकावर एक चिकटवलेले पातळ पदर. काठातून शिरणारा स्क्रू दोन पदरांच्या मध्ये पाचरीसारखा घुसतो. म्हणून सहा मिलिमीटरचे बोल्ट फळीच्या पाठीतून आरपार, खाली रुंद वॉशर आणि नायलॉन कडीचा नट. साधा नट कुरुंदवाडच्या रस्त्यावर पंधरा दिवसांत सैल होतो. लोखंड लोखंडाला जिथे टेकतं तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली, आणि खडखड थांबली.

पाय घडीचे, खिट्टीचे. उभा पाय अगदी लंब असेल तर गाडी हलताच आतल्या बाजूला मिटू शकतो. म्हणून तो लंबाच्या थोडा पलीकडे, बाहेरच्या अंगाला जाऊन थांबेल असा ठेप लावावा. मग भारच त्याला ठेपावर दाबून धरतो. खिट्टी हा दुसरा आधार.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून दशांश सेकंदात थांबली, तर पंचवीस किलोची मोकळी खाट सुमारे साडेतीनशे किलोच्या जोराने पुढे येते, आणि पुढे मुलांच्या माना असतात. डिकीच्या तळाला सामान बांधायच्या कड्या बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच दिलेल्या असतात. मिटलेली खाट दोन रॅचेट पट्ट्यांनी त्या कड्यांना आवळल्याशिवाय किल्ली फिरवू नये. आणि चालत्या गाडीत उघड्या खाटेवर कुणालाही, अगदी झोपलेल्या बाळालाही, ठेवू नये.

रात्री इंजिन बंदच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि पुराच्या दिवसांत सायलेन्सरचं तोंड चिखलात किंवा पाण्यात असण्याची शक्यता जास्त. समोरासमोरच्या नव्हे, तिरक्या कोपऱ्यांतल्या दोन काचा दोन बोटं खाली ठेवल्या तर हवा गाडीभर फिरते. नाहीतर झोपलेल्यांच्या श्वासातलं पाणी काचांवर साचून पहाटे वाकळेवर ठिबकतं. पूर ओसरू लागला की डासांचा कहर होतो, म्हणून त्या दोन काचांना जाळी आधीच शिवून ठेवावी. आणि गाडी कुठे लावायची? साधारण दीड टनाची गाडी, तळाचं क्षेत्रफळ सहा-सात चौरस मीटर. पाणी तळाच्या वर वीत-सव्वा वीत चढलं की ती तरंगू लागते. पाणी चाकाला लागण्याआधी जागा बदलायची, खाटेवर कितीही गाढ झोप लागली असली तरी.

शेवटची चाचणी आम्ही अंगणात घेतली. रात्री, दिवे घालवून, पावसात, बॅटरी दातात धरून, एकट्याने. पट्ट्या सोडायच्या, सीट पाडायची, जोडी उलटायची, पुढचं पान ओढायचं, पाय ठेपापर्यंत नेऊन खिट्ट्या घालायच्या. पहिल्यांदा सहा मिनिटं लागली आणि अंगठा चेमटला. मग पानांच्या कडेला अंगठ्यापुरत्या खाचा कापल्या, खिट्ट्यांना लाल सुतळी बांधली आणि पुढच्या पायाखालच्या घसरणाऱ्या पायपुसण्याच्या जागी टायरचा तुकडा ठेवला. आता दोन मिनिटं लागतात. आईला तीन.