कुरट्याचे खडक

1812 साली कोल्हापूरच्या छत्रपतींनी इंग्रजांशी जो करार केला, त्यात मालवण बंदर किल्ल्यांसह इंग्रजांकडे गेले आणि चिकोडी-मनोळीवरचा हक्कही सोडावा लागला. चिकोडी-मनोळीच्या याच मुलखासाठी निपाणीचे सिधोजीराव निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई, पेशव्यांच्या बाजूने कोल्हापूरशी झुंजले होते. आज निपाणीची मंडळी फोंडा घाट उतरून, बेळगावची आंबोलीवरून मालवणला पोचतात, ती समुद्रात तोंड बुडवून मासे पाहायला!

इंग्रजांना हे बंदर हवे होते, कारण इथली गलबते त्यांच्या व्यापाराला छळत. 1765 मध्ये त्यांनी मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला एकदा घेतलाही होता. त्याचे नाव बदलून 'फोर्ट ऑगस्टस' केले, पण वर्षभरात किल्ला परत दिला.

किल्ल्याची खरी राखण तटाआधी खडक करतात. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले. बेटाभोवती पाण्याखाली कातळ पसरलेला. वाट माहीत नसलेल्या जहाजाचा तळ त्यावर फुटायचा. घाटावरच्या पाहुण्याला काळा दगड दिसला की तो लाव्ह्याचाच वाटतो. निपाणीकडची काळी जमीन त्या लाव्ह्याचीच. मालवणचे कित्येक खडक मात्र त्याहून जुने.

दंतकथांना इथे तोटा नाही. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. महाराजांनी किल्ल्याचा मुहूर्त तिथेच पुजला, असे सांगतात. तटात महाराजांच्या हातापायांचे ठसे दाखवतात. पायाच्या दगडांत शिसे ओतल्याची कथा तर प्रत्येक नावाडी सांगतो. ठशांविषयी ज्याने त्याने ठरवावे. पण खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावरच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी दंतकथा नव्हेत. किल्ला इतकी वर्षे नांदता राहिला तो त्यांच्या जोरावर.

जहाजे फोडणाऱ्या याच कातळांना प्रवाळ चिकटले, त्यांच्या आधाराने मासे राहू लागले. 1987 मध्ये हा परिसर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा रापण आणि जाळ्यांवर जगणाऱ्या मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांची धास्ती अनाठायी नव्हती. समुद्र बंद झाला तर चूल कशी पेटणार? पुढे स्नॉर्केलिंग आले. आता मच्छीमारांच्या घरातलीच कितीतरी पोरे पाहुण्याच्या तोंडाला मुखवटा बांधतात, नळी दातांत धरायला शिकवतात आणि हात धरून त्याला खडकांवरून फिरवतात. कुठे भोवरा आहे, कुठे कातळ वर आलाय, हे त्यांना वाडवडलांकडून मिळालेले ज्ञान.

जुलै 2025 मध्ये सिंधुदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गर्दी वाढणारच. तेव्हा निपाणी-बेळगावच्या सीमाभागातून येणाऱ्यांना एवढेच सांगणे: पाण्यात दमलात तर सोबतची तरंगती टायर धरा, पण प्रवाळावर उभे राहू नका, त्याचा तुकडाही खिशात घालू नका. कायद्याने तो गुन्हा आहे.