टाकेनिच परिक्रमा

टाकेनिच परिक्रमा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऑरेगन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील पदभ्रमणमार्ग. लांबी सुमारे १० ते ११ किमी. रीड्सपोर्ट गावाच्या उत्तरेस, १०१ क्रमांकाच्या राष्ट्रीय हमरस्त्यालगत असलेल्या टाकेनिच तळापासून हा मार्ग निघतो आणि दाट अरण्य, थ्रीमाइल हे गोड्या पाण्याचे सरोवर, उघडे वालुकागिरी व सागरी पुळण यांना वळसा घालून पुन्हा त्याच तळावर येतो. ‘टाकेनिच’ हे नाव मूलनिवासींच्या भाषेतून आले असून, जमिनीत चहूकडे फाटे पसरलेल्या लगतच्या मोठ्या सरोवराला अनुलक्षून ‘अनेक बाहूंचे’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. हा सर्व प्रदेश सायूस्लॉ राष्ट्रीय अरण्याच्या हद्दीत, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ऑरेगन ड्यून्स राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात मोडतो. वाळू समुद्रातून येते कशी, जमिनीवर चालते कशी, पाणी अडविते कशी आणि अखेर वृक्षांखाली विसावते कशी, हे सर्व अर्ध्या दिवसाच्या चालीत प्रत्यक्ष पाहावयास मिळते. या लहानशा फेऱ्याचे मोल त्यातच आहे.

भूरचना : फ्लॉरेन्सपासून कूस बेपर्यंत सुमारे ६५ किमी. पसरलेला हा पट्टा उत्तर अमेरिकेतील किनारी वालुकागिरींचा सर्वांत मोठा विस्तार समजला जातो. किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेतील वालुकाश्म झिजून नद्यांवाटे समुद्रात जातो, लाटा व प्रवाह ती वाळू पुळणीवर आणून टाकतात आणि पुढील काम वारा करतो. उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणारा कोरडा वारा वाळूच्या बुटक्या, समांतर लाटा उठवितो. हिवाळ्यात नैर्ऋत्येकडील वादळे त्यांची मोडतोड करतात. आणि या दोन्ही वाऱ्यांच्या ओढाताणीतून तिरकस दिशेने पसरलेले उंच वालुकागिरी घडतात, ज्यांपैकी काहींचे माथे समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मी. उंचीवर पोहोचतात. हिमयुगाच्या अखेरीस समुद्राची पातळी चढली आणि किनाऱ्यावरील ओढ्यांच्या खोऱ्यांची मुखे वाळूने बुजली, तेव्हा मागे तुंबलेल्या पाण्याची सरोवरे झाली. लाटांच्या गर्जनेच्या टप्प्यात राहूनही त्यांचे पाणी गोडे आहे, ते या वाळूच्या बांधामुळेच.

मार्गक्रम : तळापासून वाट डग्लस फर, सिट्का स्प्रूस व हेमलॉक यांच्या छायेतून चढू लागते, झाडांखाली ऱ्होडोडेंड्रॉन व सलाल यांची दाट झुडपे असतात. थोड्याच अंतरावर फाटा येतो. डावीकडची वाट वनाच्छादित टेकड्यांवरून दक्षिणेस थ्रीमाइल सरोवराकडे जाते, उजवीकडची थेट वालुकागिरींवर उतरते. प्रथम सरोवराकडे जाणे सोयीचे, कारण अरण्यातील लांब चाल सकाळच्या उमेदीत पार पडते. सरोवर अरुंद व लांबट असून त्याच्या काठावर एका बाजूस वृक्षांची दाटी तर दुसऱ्या बाजूस उघड्या वाळूचा उतार आहे. तेथून वाळू तुडवीत पश्चिमेस उतरले की पुळण लागते. पुळणीवरून उत्तरेस सुमारे दोन किमी. गेल्यावर खुणेचा खांब शोधून वाट पुन्हा आत वळते आणि सखल दलदल, उघडे वालुकागिरी व अरण्य असा क्रम घेत मूळ फाट्याशी येऊन मिळते. उघड्या वाळूत पाऊलखुणा वाऱ्याने पुसल्या जात असल्याने ठिकठिकाणी रोवलेल्या खांबांवरच भिस्त ठेवावी लागते. धुके उतरल्यावर एका खांबापासून दुसरा दिसेनासा होतो, तेव्हा थांबणे हेच शहाणपणाचे.

गवताचा प्रश्न : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नदीमुखे, रस्ते व लोहमार्ग वाळूखाली जाऊ नयेत म्हणून येथे अमोफिला अरेनारिया हे यूरोपीय गवत मोठ्या प्रमाणावर लावण्यात आले. कोकणात वाळू धरून ठेवण्यासाठी पुळणींवर सुरूची लागवड होते, त्याच जातीचा हा उपाय होता. वाळू अंगावर साचेल तसतसे हे गवत वर वाढते; त्यामुळे पुळणीच्या मागे सलग, उंच वाळूचा तट उभा राहिला. तटाने समुद्राकडून येणारी वाळू अडविली, आणि त्यामागील जमिनीवरील वाळू मात्र वारा भूजलाच्या ओलीपर्यंत खरवडून नेत राहिला. परिक्रमेत लागणारी, हिवाळ्यात पाण्याखाली जाणारी दलदल अशीच निर्माण झालेली असून तेथे विलो व किनारी पाइन माजले आहेत. फ्रँक हर्बर्ट हा लेखक १९५७ मध्ये फ्लॉरेन्सजवळ वाळू रोखण्याचे हे सरकारी प्रयत्न पाहण्यास आला होता. त्या विषयावरील त्याचा लेख प्रसिद्ध झाला नाही, परंतु त्या चिंतनाचे बीज ‘ड्यून’ (१९६५) या कादंबरीत रुजले.

कायदे व पथ्ये : ऑरेगनमध्ये १९१३ च्या कायद्याने भरती-ओहोटीच्या दरम्यानचा किनारा सार्वजनिक रस्ता ठरविला, आणि १९६७ च्या कायद्याने कोरड्या पुळणीवरील लोकांच्या वहिवाटीलाही संरक्षण दिले, म्हणून येथे पांथस्थाला कोणाच्या मालकीची आडकाठी होत नाही. मनाई आहे ती एका पक्ष्यासाठी. स्नोवी प्लोव्हर हा चिखल्याच्या कुळातील चिमुकला पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतो. त्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील समूहाची १९९३ मध्ये संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत नोंद झाली. १५ मार्च ते १५ सप्टेंबर या काळात विणीच्या पट्ट्यातील कोरडी वाळू सोडून ओल्या वाळूवरूनच चालावे, असा दंडक आहे. त्यामुळे ओहोटीची वेळ पाहून निघणे इष्ट. लाटांनी आणलेल्या ओंडक्यांवर बसू नये, कारण अवचित आलेली लाट त्यांना सहज उलटविते. आणि जमीन हादरल्यास सूचनेची वाट न पाहता उंचावर जावे, कारण २६ जानेवारी १७०० रोजी याच किनाऱ्यालगत झालेल्या प्रचंड भूकंपाने उठलेल्या लाटा, जपानी दफ्तरांतील नोंदींनुसार, थेट जपानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळल्या होत्या.

महत्त्व : परतीच्या वाटेवर उघड्या वाळूच्या कडेशी अर्धवट गाडले गेलेले वृक्ष दिसतात, आणि वाळूच्या मध्यभागी बेटांसारखे उरलेले वृक्षसमूहही दिसतात. अरण्याने वाळूवर पाऊल टाकावे आणि वाळूने पुन्हा अरण्यात शिरावे, अशी ये-जा या मुलखात हजारो वर्षे चालत आली. गवताच्या तटाने वाळूचे येणे थांबविल्यामुळे आता ही हालचाल एकाच दिशेने होत असून उघडे वालुकागिरी आक्रसत आहेत. जंगलखाते व स्थानिक स्वयंसेवक काही ठिकाणी ते गवत काढून वाऱ्याला वाट मोकळी करून देत आहेत. या श्रमांना यश येणे अगत्याचे आहे. कारण वाळूचे येणे खुंटले, तर या फेऱ्यात पुळणीवरून वळल्यानंतर थेट तळापर्यंत झाडेच लागतील, आणि ज्या वाळूने मागचे सरोवर घडविले ती पांथस्थाच्या दृष्टीस पडणार नाही.