भोंगा आणि पाळणा

या व्याख्यानमालेत पेशव्यांवर व्याख्याने होतात, किल्ल्यांवर होतात, कल्याणच्या सुभ्यावर तर दर दोन वर्षांनी होतेच होते. चालकांनी यंदा मला विचारले तेव्हा मी म्हणालो, मला लढायांतले काही कळत नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात. पण तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत उभा राहिलो आहे, तेव्हा त्या दारांतून आत-बाहेर जाणाऱ्या माणसांच्या घरी जी लहान मुले असतात, त्यांचा इतिहास सांगू का? चालक जरा बुचकळ्यात पडले, पण हो म्हणाले. त्या दिवशी बोललो तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सुरुवात ठाण्यापासून करतो, आणि ती केवळ यजमानांना बरे वाटावे म्हणून नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. रेल्वेत व पोस्टात नोकरी करून ते पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधू’ पत्र चालविले आणि १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय होत्या ते पाहा. आठवड्यात एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात, आणि कामावर जखमी झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन. पगारवाढीचा एक शब्द त्यात नाही. आजच्या एखाद्या तरुण कार्यकर्त्याला हे मुळमुळीत वाटेल. मलाही एके काळी वाटले होते.

पण त्याच सुमारास जो कायदा अंमलात होता तो शेजारी ठेवून हा अर्ज वाचला की त्याचा अर्थ लागतो. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलाला कामावर घेण्यास बंदी केली. म्हणजे सात पूर्ण झाली की चालेल! सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आणि महिन्यातून चार सुट्या. मोठ्या माणसांना त्या कायद्यात काहीच नव्हते. आता आठ वर्षांच्या पोराला सुटी मिळाली आणि त्याची आई व बाप दोघेही गिरणीत असले, तर त्या सुटीचे त्याने काय करावे? खोलीत एकट्याने बसावे, किंवा गल्लीत हिंडावे. मुलाची सुटी आई-बापांच्या सुटीवाचून पुरी होत नाही, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही. लोखंड्यांच्या अर्जाने ती पुढे आणली, असे मी समजतो. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामकरी बायका उभ्या राहून बोलल्या. त्यांचे शब्द आपल्यापर्यंत आले असते तर फार बरे झाले असते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्यात ती सर्वांसाठी आली, आणि मुलांचे वय सातावरून नऊ झाले.

रविवार मिळाला. उरलेल्या सहा दिवसांचे काय?

येथे मला एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. व्याख्यानाच्या वेळी पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी ‘हो, हो’ म्हणून मान हलविली, म्हणून लिहिण्याचे धैर्य होते. भोंगा वाजण्यापूर्वी आईने गिरणीत पोहोचावयाचे, आणि तान्हे मूल खोलीत. शेजारीण स्वतःच गिरणीत. तेव्हा मूल झोपले पाहिजे, दिवसभर झोपले पाहिजे. त्यासाठी बाळागोळी मिळे. तीत अफू असे. मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स नावाच्या बाईंना नेमले होते. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी लिहिले. त्या आयांना कोणी निर्दय म्हणू नये. घरी राहिली तर मूल उपाशी, गेली तर मूल एकटे. या दोहोंच्या मधली फट त्या गोळीने बुजवली जाई.

१९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत ८२८. हा आकडा सभांतून नेहमी सांगितला जातो. मीही पूर्वी टेबलावर हात आपटून सांगत असे. परंतु त्यात एक मेख आहे. बाळंतपणाला बायका कोकणात, घाटावर गावी जात, जन्म तेथे नोंदला जाई, आणि मूल मुंबईस आणल्यावर मेले तर मृत्यू येथे. त्यामुळे भागाकार फुगतो. तेव्हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण निम्मा धरला तरी अंगावर काटा येतोच, मग फुगलेला आकडा वापरून आपलीच बाजू लंगडी का करावी?

बाळंतपणाच्या रजेची गोष्ट यातूनच निघाली. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, ते पडले. मग १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात रा. सं. आसवले यांनी प्रांतापुरते विधेयक मांडले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या समाजाचे हित आहे, म्हणून त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. खर्चाची ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, पुढे ती लागणार आहे. १९२९ चा कायदा झाला, हिंदुस्थानातला पहिला. जास्तीत जास्त सात आठवडे, तीन आधी आणि चार नंतर, दिवसाला आठ आणे. हिशेब केला तर साडेचोवीस रुपये होतात. खर्च मात्र सगळा मालकाच्या डोक्यावर ठेवला गेला.

त्याचा परिणाम काय झाला? गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत, त्यांच्यावर नायकीण असे. १९२० नंतरच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे एक तरी बाई होती. पुढच्या पंचवीस वर्षांत हे प्रमाण निम्म्यावर आले. सगळा दोष या कायद्याचा नव्हे. बायकांना रात्रीचे काम बंद होते आणि गिरण्या दोन पाळ्यांत चालू लागल्या, नवी यंत्रे आली, त्या खात्यांतली माणसे कमी झाली. पण बाई महाग पडते हा हिशेब मालकांनी केलाच, आणि आमच्या युनियनांनी, खरे सांगावयाचे तर, पुरुषांच्या नोकऱ्या वाचविताना तो होऊ दिला.

पाळणाघराचे कलम त्यानंतर आले. १९३४ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना तसे नियम करण्याची मुभा दिली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातील कलम ४८ ने ते बंधनकारक केले. पन्नासाहून अधिक स्त्रिया असल्या तर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली, दाई, दूध पाजावयास आईला वेळ. १९७६ मध्ये पन्नासाचे तीस झाले.

या कलमाशी माझी स्वतःची एक झटापट झाली आहे. साल १९९८. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना, नाव सांगत नाही. ‘पाळणाघर’ अशी पाटी होती. आत रसायनाचे रिकामे पिंप आणि एक लाकडी पाळणा, त्यात जुन्या हजेरीपुस्तकांचा गठ्ठा. आम्ही तक्रार करताच व्यवस्थापकाने यादी दाखविली, तीवर बरोबर तीस स्त्रिया. तिसाहून अधिक हव्यात, नाही का? प्रत्यक्षात चौतीस होत्या. वरच्या चार जणी महिन्यापूर्वी कंत्राटदाराच्या नावावर टाकल्या होत्या. मी दोन रात्री कायद्याचे पुस्तक घेऊन बसलो. १९७६ च्याच दुरुस्तीने ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत घेतलेला माणूसही आला होता. ते पान उघडून समोर ठेवले. सहा महिने पत्रापत्री झाली, पण पिंप हलले, भिंतीला चुना लागला, दाई नेमली गेली. आम्ही पेढे वाटले.

पाळणाघरात मुले आली तीन.

मी बायकांवर रागावलो. इतके भांडून मिळविले आणि तुम्ही आणत नाही! तेव्हा टिटवाळ्याहून येणारी एक बाई म्हणाली, “दादा, सकाळच्या गाडीत मी स्वतः दाराला लोंबकळते. काखेत पोर घेऊन चढून दाखवा, मग मी आणीन.” मला उत्तर नव्हते. कलम ४८ ज्यांनी लिहिले त्यांच्या डोळ्यांपुढे परळ-लालबाग होते. भोंग्याच्या हाकेवर चाळ, चाळीत पोर, दुपारच्या सुटीत पाजून परत. कल्याण, डोंबिवली, बदलापूर या गावांची घडणच निराळी. १८५३ साली गाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ साली कल्याणपर्यंत. पुढे शंभर वर्षांनी आम्ही तिच्या काठाकाठाने राहावयास आलो, कारण खोली येथे परवडत होती आणि काम दुसरीकडे होते. येथे मूल आणि आई यांच्यामध्ये भिंत नाही, रूळ आहेत. पाळणाघर हवे ते घराजवळ.

ही गोष्ट एका बाईंनी आमच्याच जिल्ह्यात फार पूर्वी ओळखली होती. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, बरोबर अनुताई वाघ. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये आहे. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी. त्यातून अंगणवाडी निघाली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची विकासवाडी. आदिवासी घरांतली आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. धाकट्याला पाळण्यात ठेवून थोरलीने पाटी घ्यावी. पुढे १९७५ साली केंद्र सरकारने अंगणवाडी देशभर नेली. खाऊ आला, लसी आल्या. पण ती दिवसातले काही तास उघडी असते, आणि आईची पाळी त्याहून लांब असते. अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची ‘पाळणा’ योजना केंद्राने आणली ती २०२२ मध्ये.

त्या कडेवरच्या भावंडापाशी मी नेहमी अडखळतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे बाबा. आम्ही कल्याणला कोळसेवाडीत राहत होतो. मी अकरा वर्षांचा, ताई तेरांची, धाकटा दीड वर्षाचा. पहिले तीन महिने उधारीवर गेले. मग आई डोंबिवलीत एका प्लॅस्टिकच्या कामावर जाऊ लागली. बाबा कधी सभेला, कधी गावी धान्य आणावयास. धाकट्याला कोण पाहणार, हा प्रश्न आमच्या घरी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. ताईची शाळा आठवीत थांबली. माझी थांबली नाही. मी दप्तर घेऊन निघे तेव्हा ती त्याला कडेवर घेऊन गॅलरीत उभी असे, आणि मला त्यात काही वावगे दिसत नसे. संपाचा इतिहास मी पुष्कळ वाचला. दत्ता सामंत, मालक, सरकार, बंद पडलेल्या गिरण्या सगळे त्यात आहे.

डोंबिवलीने याच काळात आपला एक उपाय काढला होता. सहकारी सोसायटीतल्या, चाळीतल्या एखाद्या काकू चार मुले सांभाळू लागल्या, चाराची दहा झाली, दारावर पाटी लागली. बँकेतल्या, मंत्रालयातल्या बायका सकाळी पोर, दुधाची बाटली आणि डबा तेथे सोपवून फलाटाकडे धावत, आणि परतीच्या डब्यात मांडीवर भाजी निवडत. या काकूंनी हजारो संसार उभे ठेवले. मात्र त्यांना महिन्याचे पैसे देणे कारकून बाईला जमे, प्लॅस्टिकच्या कामावरच्या माझ्या आईला जमण्यासारखे नव्हते.

कायदे पुढेही होत गेले. बांधकामावरील बायकांसाठी १९९६ चा कायदा झाला, पन्नासाहून अधिक स्त्रिया असल्यास पाळणाघर. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांपर्यंत बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पाळणाघरासाठी पन्नास कर्मचारी हा आकडा आहे, स्त्री-पुरुष मिळून. हे चांगले आहे, कारण पाळणाघर हे केवळ बायकांचे प्रकरण उरत नाही. पण जेथे राज्य विमा लागू नाही तेथे रजेचा खर्च अजून मालकाकडेच आहे, म्हणजे १९२८ साली जी शंका निघाली ती तशीच उभी आहे. आणि भिवंडीच्या गोदामांत माल बांधणाऱ्या बायका चार-चार कंत्राटदारांत वाटलेल्या असतात. पन्नास मोजावयाचे कोणाचे? गेले वर्षभर माझे निम्मे काम हे मोजण्याचेच आहे.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी मी ताईकडे गेलो होतो. ती आता डोंबिवली पूर्वेला राहते. मुलगा-सून सकाळीच बाहेर पडतात, नातू दोन वर्षांचा. मी विचारले, “उद्या मी तुझी गोष्ट सांगितली तर चालेल का?” तिने नातवाला भरवता भरवता थोडा विचार केला. म्हणाली, “सांग. पण किती वाजता आहे तुझं? सूनबाई साडेआठशिवाय येत नाही, मला निघता येणार नाही.”

व्याख्यान साडेसहाचे होते.