विळ्याच्या आकाराची पेशी



"रक्त कमी आहे" हे आपण गटाच्या बैठकीत नेहमी ऐकतो. पण रक्त कमी असण्याची कारणं वेगवेगळी असतात. आज आम्ही त्यातल्या एकाची, सिकलसेलची, गोष्ट सांगणार आहोत.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुप्फुसातून प्राणवायू उचलतात आणि अंगभर पोचवतात. निरोगी पेशी गोल आणि लवचिक असते, केसाहून बारीक नळीतूनही वाकून पुढे जाते. ती सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या आजारात प्राणवायू सोडला की पेशी कडक होते आणि विळ्यासारखी वाकते. वावरात ठिबकच्या नळीत कचरा अडकला की पुढची संत्र्याची झाडं सुकतात, तसंच इथं होतं. पेशी अडकतात, पुढे प्राणवायू पोचत नाही आणि हाडं, सांधे, पोट असह्य दुखतात. या पेशी 10 ते 20 दिवसांतच मरतात, म्हणून रक्त कमी पडतं. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हा आजार जात नाही.

या पेशींची पहिली नोंद 1910 साली अमेरिकेतल्या शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी छापली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्येच आहे. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला. 1958 मध्ये शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी आपल्या मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं.

मग हा आजार काही मुलखांतच जास्त का? 1954 मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत पाहिलं, की ज्यांच्याकडे हा गुण एकाच पालकाकडून आला, त्यांना जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळतं. म्हणजे जिथं पिढ्यानपिढ्या हिवताप होता, तिथं हा गुण टिकला. मेळघाटातल्या माणसालाही हे कळायला हवं. हा शाप नाही, कुणाचं पापही नाही.

आणि ही एकट्या बाईची खोट तर मुळीच नाही. लेकरू आजारी निघालं की बोल सुनेला लागतो. पण हा आजार आई आणि बाप, दोघांकडून गुण आला तरच होतो. एकाकडूनच आला तर ते लेकरू वाहक असतं, त्याला सहसा त्रास होत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता 25 टक्के असते.

1 जुलै 2023 रोजी देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. 2047 पर्यंत हा आजार संपवायचं त्याचं ध्येय आहे. तपासणी रक्ताच्या थेंबाची आहे. पण ती लग्न जमण्याआधी व्हायला हवी, आणि मुलीइतकीच मुलाचीही.

ज्यांना आजार आहे त्यांनी भरपूर पाणी प्यावं, कडक उन्हात आणि थंडीत जपावं. ताप आला किंवा दुखणं वाढलं तर घरी थांबू नये. दुखण्याचे झटके कमी करणारं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं मिळतं. मात्र दवाखान्यात वेळेवर जायला गाडीभाडं लागतं. त्यासाठी गटाच्या बचतीतून तातडीचं कर्ज देण्याचा ठराव पुढच्या बैठकीत घ्या, आणि त्याच वहीत गावातल्या लग्नाळू पोरापोरींची तपासणी झाली का, तेही लिहा.