कार-टी पेशी उपचार

कार-टी पेशी उपचार ही रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील टी-पेशींमध्ये जनुकीय बदल करून त्यांच्याकरवी कर्करोगाच्या पेशी नष्ट करण्याची उपचारपद्धती आहे. 'कार' हे 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर' या संज्ञेचे लघुरूप आहे. कायमेरा हा ग्रीक पुराणातील अनेक प्राण्यांचे अवयव जोडलेला प्राणी. आपल्याकडील नरसिंहाची आठवण येथे सहज होते. दोन वेगळ्या प्रथिनांचे अंश जोडून हा ग्राही तयार केला जातो, म्हणून त्यास हे नाव मिळाले. इस्रायलमधील वाइझमन संस्थेचे झेलिग एशार व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये अशा ग्राहीची रचना मांडली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये या प्रकारच्या पहिल्या उपचारास मान्यता दिली. त्याची तेथील किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती.

== कार्यपद्धती ==
टी-पेशी या शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी होत. कर्करोगाच्या पेशी मूळच्या शरीरातल्याच असल्याने टी-पेशींना त्या पुष्कळदा ओळखता येत नाहीत. या उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. रोग निर्माण करण्याची क्षमता काढून घेतलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नव्या ग्राहीचे जनुक घालतात आणि प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवतात. रुग्णाला थोडी केमोथेरपी देऊन या पेशी सलाईनप्रमाणे शिरेतून परत सोडल्या जातात.

== भारतातील विकास ==
भारतातील पहिला मान्यताप्राप्त कार-टी उपचार 'नेक्सकार १९' मुंबईत विकसित झाला. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत तो घडला व टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी त्याच्या रुग्णचाचण्या केल्या. पहिल्या रुग्णाला जून २०२१ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या खारघर (नवी मुंबई) येथील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात उपचार देण्यात आला. आयआयटीतूनच निघालेल्या इम्युनोअ‍ॅक्ट या कंपनीला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उपचाराचे औपचारिक लोकार्पण झाले.

बी-पेशींच्या लिम्फोमा व ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगांत, इतर उपचार निष्फळ ठरल्यावर तो दिला जातो. ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परिणाम मोजता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांत रोग मागे हटला. दोन मृत्यू मात्र उपचाराशी संबंधित होते. सुरुवातीस ३० ते ४० लाख रुपये सांगितलेली किंमत परदेशाच्या तुलनेत फारच कमी असली, तरी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील ती नव्हे.

== यकृताचा कर्करोग ==
रक्ताच्या कर्करोगातील यश यकृताच्या कर्करोगात अद्याप मिळालेले नाही. नेक्सकार १९ ज्या सीडी१९ या प्रथिनावर हल्ला करतो, ते निरोगी बी-पेशींवरही असते. त्यामुळे निरोगी बी-पेशीही मरतात. परंतु त्यांच्याविना, आवश्यक तेव्हा बाहेरून प्रतिपिंडे देऊन, मनुष्य जगू शकतो. यकृताविना तो जगत नाही. म्हणून येथे निरोगी यकृतावर नसलेले आणि कर्करोगावर असलेले प्रथिन शोधावे लागते.

ग्लायपिकन-३ हे प्रथिन या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते. गर्भाच्या यकृतात ते असते, प्रौढ निरोगी यकृतात जवळजवळ नसते आणि यकृताच्या प्रमुख कर्करोगात (हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा) बहुसंख्य रुग्णांत पुन्हा प्रकट होते. चीनमधील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत १३ रुग्णांपैकी दोघांची गाठ अंशतः कमी झाली. गाठीच्या आत शिरणे टी-पेशींना कठीण जाते आणि शिरल्या तरी तेथील वातावरणात त्या लवकर थकतात. यावर अमेरिकेतील बेलर वैद्यकीय महाविद्यालयाने पेशींना इंटरल्युकिन-१५ या पोषक प्रथिनाचे जनुकही जोडून दिले. ग्लायपिकन-३ असलेल्या घन गाठींच्या रुग्णांत या जोडीविना कोणालाही लक्षणीय लाभ झाला नव्हता. जोडीनंतर १२ पैकी ४ रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. हे सारे प्रायोगिक अवस्थेत आहे.

यकृताच्या कर्करोगाची कारणे मात्र ज्ञात आहेत: हिपॅटायटिस बी व सी, मद्यपान, यकृतातील चरबी, तसेच बुरशी लागलेल्या भुईमुगात व मक्यात आढळणारे अफ्लाटॉक्सिन. हिपॅटायटिस बी विरुद्धची लस सरकारी दवाखान्यांत नवजात बालकास जन्मानंतर २४ तासांच्या आत विनामूल्य दिली जाते.

== दुष्परिणाम ==
सोडलेल्या पेशी एकाच वेळी सक्रिय झाल्यास तीव्र ताप येतो व रक्तदाब घसरतो. यास सायटोकाइन रिलीज सिंड्रोम म्हणतात. काही रुग्णांत मेंदूवर परिणाम होऊन गोंधळ किंवा झटके येतात. रक्तपेशींची संख्या कमी झाल्याने जंतुसंसर्गाचा धोकाही राहतो. त्यामुळे हा उपचार अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच केला जातो.